मुलांच्या वाचनासाठी खेळणी आणि पुस्तके निवडताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा सुरू होण्याच्या सुमारास दुकानांत आणि ऑनलाइन बाजारात मुलांना लवकर वाचायला शिकवणाऱ्या म्हणून ज्या वस्तू विकल्या जातात, त्यांची निवड पालकांनी अधिक विचारपूर्वक करावी, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. बालवाडीत आणि पुढे पहिली-दुसरीच्या वर्गांत माझी नोकरी झाली. बटण दाबताच मुळाक्षरे म्हणणारी यंत्रे, भिंतीवरचे तक्ते, अक्षरांचे ठोकळे आणि चित्रांची पुस्तके ही सगळीच साधने मी मुलांच्या हातात पाहिली आहेत. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, ज्या वस्तूच्या निमित्ताने घरातले मोठे माणूस मुलाशी अधिक बोलते, तिचाच वाचनाला खरा उपयोग होतो.

या मताला अभ्यासाचाही आधार आहे. अमेरिकेतील नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठातील संशोधिका ॲना सोसा यांनी १० ते १६ महिन्यांची बाळे आणि त्यांचे पालक अशा २६ जोड्यांचे घरातले खेळणे ध्वनिमुद्रित केले होते. त्यांचे निष्कर्ष २०१५च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. आवाज करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक खेळण्यांशी खेळताना पालक मिनिटाला साधारण ४० शब्द बोलत होते, ठोकळे आणि कोडी अशा साध्या खेळण्यांबरोबर ५६ आणि पुस्तक हातात असताना ६७. अभ्यास लहान आहे आणि तो इंग्रजी बोलणाऱ्या घरांतला आहे, हे खरे. पण खेळणे बोलू लागले की आई-बाबा गप्प होतात, हे आपल्याही घरांत दिसते. जे शब्द मुलाने कधी ऐकलेच नाहीत, ते पुढे छापलेले दिसल्यावर त्याला अक्षरे जुळवता येतील, पण अर्थ लागणार नाही.

आता मराठी अक्षरांच्या खेळण्यांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण येथे पालकांची फसगत सर्वाधिक होते. देवनागरी अक्षरांचे म्हणून मिळणारे बरेचसे संच मुळात हिंदीसाठी केलेले असतात. त्यांत ‘ळ’ नसतो आणि ‘ल’ व ‘श’ हिंदी वळणाचे असतात. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेचे प्रमाणीकरण करताना पाकळीचा ‘ल’ आणि मराठी वळणाचा ‘श’ स्वीकारला आणि शाळेच्या पुस्तकात मुलाला तीच वळणे भेटतात. अक्षरओळख नुकतीच होत असताना घरी एक आकार आणि शाळेत दुसरा, असा गोंधळ कशासाठी घालायचा? त्यामुळे संच घेण्यापूर्वी ही तीन अक्षरे आधी शोधावीत.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे काना, मात्रा, वेलांट्या आणि उकार सुटे मिळतात की नाही. ‘क का कि की’ अशी पूर्ण बाराखडी छापलेले ठोकळे आकर्षक दिसतात, परंतु त्यांतून मूल म्हणायला शिकते, जोडायला शिकत नाही. बाराखडी एका दमात म्हणणारी, पण ओळीच्या मध्येच आलेला एकटा ‘की’ दाखवला की पुन्हा ‘क’पासून सुरुवात करणारी मुले प्रत्येक पहिलीच्या शिक्षिकेला माहीत आहेत. सुट्या चिन्हांचा संच असेल, तर केवळ ‘म’, ‘क’, काना आणि दुसरी वेलांटी एवढ्यावर मामा, मामी, काका, काकी, काम, मका, कमी हे शब्द मुलाला स्वतःच्या हाताने तयार करता येतात. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि तिचा उच्चार मात्र नंतर करायचा, ही देवनागरीची अडचणही चिन्ह हाताने सरकवून ठेवताना लवकर उलगडते. अक्षरे वर्णमालेच्याच क्रमाने आली पाहिजेत, असा आग्रह नसावा. ‘ग म भ न’पासून सुरुवात करणाऱ्या कित्येक पिढ्या उत्तम वाचायला शिकल्या.

बोलक्या तक्त्यांची आणखी एक मर्यादा आहे. मराठीत ‘चमचा’मधला ‘च’ आणि ‘चहा’मधला ‘च’ वेगळा. ‘ज’ आणि ‘झ’ यांचेही तसेच. तक्ता प्रत्येक अक्षराचा एकच ठरलेला आवाज काढतो. ‘ण बाणाचा’ असे म्हणताना हा आवाज शब्दाच्या सुरुवातीला नसून आत आहे, हेही तो सांगत नाही. ते शेजारी बसलेल्या माणसालाच सांगावे लागते.

महागडे काही घेतलेच पाहिजे, असे मुळीच नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी बालशिक्षण उभे केले, ते परिसरात मिळणाऱ्या दगड, शिंपले, बिया, पाने अशा साधनांवर. चिंचोके मांडून अक्षराचा आकार करणे, ताटातल्या रव्यात बोटाने गिरवणे, भातुकली मांडून प्रत्येक भांड्याचे नाव घेणे हे सारे वाचनाच्या तयारीचेच खेळ आहेत. सावंतवाडीची लाकडी फळे मला यासाठी फार आवडतात. त्यांवरून चव, रंग, झाड आणि बाजार यांच्या गप्पा कितीही लांबवता येतात. विकत घेतलेल्या खेळण्यावर आयएसआय चिन्ह आहे की नाही, हे मात्र पाहावे. नोंदणीकृत कारागिरांची हस्तकलेची खेळणी सोडली, तर १ जानेवारी २०२१पासून ते बंधनकारक आहे.

पुस्तक निवडताना दुकानात उभ्या उभ्या त्याचे एक पान मोठ्याने वाचून पाहावे. वाक्य जिभेवर अडखळले, तर ते पुस्तक ठेवून द्यावे. घाईने केलेली भाषांतरे तेथेच ओळखू येतात. अक्षर मोठे असावे, पानावर दोन-तीन ओळी असाव्यात, ओळ अर्थाच्या मध्येच तुटू नये आणि चित्रात मजकुरापेक्षा थोडे अधिक घडत असावे, म्हणजे मुलाला विचारायला आणि सांगायला काही उरते. जोडाक्षरे अजिबात नकोत, या हट्टापायी काही पुस्तकांची भाषा कृत्रिम होते. ‘गोष्ट’, ‘पुस्तक’, ‘रस्ता’ हे शब्द मुलाच्या रोजच्या बोलण्यातले आहेत. ते आले तर बिघडत नाही. शेवटी तात्पर्य चिकटवलेल्या गोष्टींपेक्षा मूल पुन्हा पुन्हा मागेल अशी गोष्ट घ्यावी, आणि तेच पुस्तक विसाव्यांदा वाचायची वेळ आली तरी कंटाळू नये, कारण पाठ झालेल्या ओळीखाली बोट फिरवतानाच छापलेल्या आणि बोललेल्या शब्दाची गाठ मुलाच्या मनात पडते. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालिकेतली पुस्तके स्वस्त असतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीविव्हर’ या संकेतस्थळावर २०१५पासून मराठी गोष्टीही विनामूल्य मिळतात. त्या शक्यतो छापून घ्याव्यात. घरात अहिराणी, मालवणी किंवा वऱ्हाडी बोलली जात असेल, तर चित्रांवरची गोष्ट खुशाल त्याच बोलीत सांगावी.

चार वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही, म्हणून चिंतेत पडणाऱ्या पालकांनी हे लक्षात घ्यावे की, नव्या शैक्षणिक धोरणाने वयाची ३ ते ८ ही सारी वर्षे पायाभूत टप्प्यात धरली आहेत आणि ‘निपुण भारत’ अभियानाचे उद्दिष्टही तिसरीअखेर समजून वाचता यावे, असेच आहे.

मात्र सगळा भार पालकांवर टाकणे योग्य नाही, कारण पुस्तकांवर खर्च करणे अनेक घरांना शक्य होत नाही. आपल्या राज्यात १९६७च्या कायद्याखाली गावोगावी सार्वजनिक ग्रंथालये आहेत. त्यांतील बालविभाग अनेकदा कुलूपबंद कपाटापुरता असतो आणि त्यातली पुस्तके दहा-बारा वर्षांच्या वाचकांसाठी असतात. ग्रंथालयांनी अनुदानातील काही भाग आठ वर्षांखालील मुलांच्या चित्रपुस्तकांसाठी राखावा, ती मुलाचा हात पोहोचेल अशा मांडणीवर उघडी ठेवावीत आणि फाटतील या भीतीने घरी देणे नाकारू नये. प्रकाशकांनी मुखपृष्ठावर वयाबरोबरच ‘मोठ्यांनी वाचून दाखवण्यासाठी’ की ‘मुलाने स्वतः वाचण्यासाठी’, एवढे छापावे. अक्षरांचे संच विकणाऱ्यांनीही ते मराठीसाठी आहेत की हिंदीसाठी, हे खोक्यावर स्पष्ट लिहावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा