ध्वनिकथेला पार्श्वसंगीताचे ओझे नको

महोदय,

मराठीत ध्वनिकथा आणि आत्मकथनाचे पॉडकास्ट वाढत आहेत, हे स्वागतार्ह आहे. परंतु माझ्या ऐकण्यात आलेल्या बहुतेक कथा छापील मजकुराचे वाचन आणि त्याखाली अखंड वाजणारी बासरी यांवरच थांबतात. याउलट, बीबीसीने १९२४ साली प्रसारित केलेले, खास रेडिओसाठी लिहिलेले नाटक कोळशाच्या खाणीत दिवे गेल्यानंतरच्या अंधारात घडते. पात्रांना दिसत नाही आणि श्रोत्यालाही, त्यामुळे दोघेही आवाजावरच विसंबतात. आकाशवाणीच्या नभोनाट्यांवर वाढलेल्या आम्हा श्रोत्यांना ही किमया अनोळखी नाही.

प्रयोगासाठी स्टुडिओ लागतोच असे नाही. मी स्वतः, आवाज घुमू नये म्हणून गोधडी पांघरून, मोबाइलवर पाच मिनिटांच्या कथा ध्वनिमुद्रित करतो (टीकाकार घरातच आहेत). जिथे मुद्रण करतो त्या प्रत्येक ठिकाणी कोणीही न बोलता अर्धा मिनिट नुसती शांतता मुद्रित करून ठेवली, की संकलनात कापलेल्या वाक्यांमधली फट तिने बुजवता येते. कारण रिकाम्या खोलीलाही स्वतःचा आवाज असतो आणि तो मध्येच तुटला की कानाला लगेच खटकते. आत्मकथनात तर अडखळणे, श्वास, बोलीतला हेल हाच खरा ऐवज. तो ‘शुद्ध’ करण्याच्या नादात बोलणारा माणूसच पुसला जातो. मात्र घरच्यांचे बोलणे मुद्रित करण्याआधी त्यांची संमती अवश्य घ्यावी.

आपल्या पुरवणीत पुस्तकांबरोबर अशा ध्वनिकथांचेही परीक्षण छापावे, ही विनंती.

– एक श्रोता, सांगली