विषय : ४०२ आणि ५०२ मधला स्लॅब कापण्याचं काम थांबवून आधी ड्रॉइंग मागवण्याबाबत

प्रति,
मा. चेअरमनसाहेब व कार्यकारिणी सदस्य,
आपली गृहनिर्माण सोसायटी, जळगाव

स. न. वि. वि.

४०२ वाल्या भाऊंनी वरचा ५०२ पण घेतला, हे आपल्याला माहीत आहेच. मुलाचं लग्न ठरलंय. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत दोन्ही फ्लॅट आतून जिन्याने जोडायचे आणि त्यासाठी ५०२ च्या हॉलचा स्लॅब सात फूट बाय साडेतीन फूट कापायचा, असा त्यांचा बेत आहे. बेताला माझा विरोध नाही. आपल्याकडे अर्ज दिला की भांडण झालं असंच धरतात, म्हणून हे आधीच लिहून ठेवतो.

पण शनिवारी सकाळी ब्रेकर सुरू झाला, तो नोटीस बोर्डावर एक ओळही न लावता. सुटलेले ढपले खाली ४०२ च्या फरशीवर आदळत होते, आणि ती फरशी म्हणजे माझ्या, ३०२ च्या हॉलचं छत. दुपारपर्यंत पंख्याच्या वाटीभोवतीचं प्लास्टर ताटाएवढं सुटून सोफ्यावर पडलं. त्या वेळी तिथे कोणी बसलेलं नव्हतं.

मी वर जाऊन पाहिलं. टाइल्स निघाल्या होत्या. बाल्कनीच्या दारापासून जेमतेम दोन फुटांवर खडूने चौकोन आखला होता. त्याच्या एका कडेला वीतभर रुंद चर पडला होता, चार सळया उघड्या, त्यातल्या दोन वाकवून वर केलेल्या. शेजारी वायरिंगचा पाइप फुटून त्यात खडी गेली होती. स्लॅब भरायच्या आधी हे पाइप सळईला बांधून टाकतात. त्यामुळे खालच्या घराचे पंखे-दिवे ज्या वायरींवर चालतात, त्या वरच्या घराच्या फरशीखाली असतात. इथे दोन्ही घरं भाऊंचीच, म्हणून ४०२ चा दिवा गेला तर तो त्यांचा प्रश्न. उद्या दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर असंच काम निघालं तर?

मिस्तरीला ड्रॉइंग विचारलं. तो म्हणाला, "काही नही होत भाऊ, असे लई जिने काढले." तो खोटं बोलत असेल असं मला वाटत नाही. माझं उभं आयुष्य साइटवर गेलं, आणि मला माहीत आहे की स्लॅब त्याच दिवशी तक्रार करत नाही. मिस्तरी बिल घेऊन गेल्यावर वर्षा-दोन वर्षांनी भेग दिसते, मग तिच्यात पाणी, मग सळईला गंज.

गावाकडच्या मातीच्या धाब्याच्या घराला साणं (छतात उजेडाचं भोक) पाडायचं असलं तर दोन कड्यांच्या (लाकडी तुळयांच्या) मधली माती उकरायची, चार फळ्या काढायच्या, झालं. प्रत्येक कडी आपला भार आपण भिंतीवर नेते, बाकीच्या धाब्याला पत्ताही लागत नाही. आरसीसीचं तसं नाही. ५०२ चा स्लॅब ५०१ च्या स्लॅबला सलग आहे. मधल्या बीमवरून वरच्या थरातली सळई या घरातून त्या घरात गेलेली आहे. एका बाजूला भोक पाडलं की भार दुसऱ्या वाटेने जाऊ लागतो, आणि त्या वाटेवर तेवढी सळई टाकलेली असेलच असं नाही. "दोन्ही फ्लॅट माझे, मग कोणाला काय?" असं भाऊ म्हणतात. फ्लॅट त्यांचे, हे खरं. स्लॅब मात्र सगळ्या इमारतीचा आहे.

आता बाल्कनी. मला सगळ्यात जास्त भीती तिचीच वाटते. खोलीच्या स्लॅबमध्ये मुख्य सळई खालच्या अंगाला असते. बाल्कनी बाहेर लोंबकळत असते, म्हणून तिची मुख्य सळई वरच्या अंगाला असते आणि ती बीमवरून मागे हॉलच्या स्लॅबमध्ये शिरलेली असते. बाल्कनी जेवढी बाहेर तेवढी तरी आत, बहुतेक वेळा दीडपट. आपल्या बाल्कन्या चार फुटांच्या, म्हणजे सळई पाच-सहा फूट आत आली असणार. आणि चौकोन आखलाय दोन फुटांवर! त्या रेषेवर कापलं तर बाल्कनीने मागे धरलेला हात मनगटातून तोडल्यासारखं होईल. आखाजीला त्याच बाल्कनीत पाहुणे उभे राहतील.

दुसरी गोष्ट वजनाची. सळईसकट काँक्रीट घनमीटरला २,५०० किलो धरतात. पाच इंची स्लॅबचा एक चौरस फूट साधारण २९ किलो भरतो. सात बाय साडेतीनचा तुकडा म्हणजे ७०० किलो, फरशी आणि खालचा मसाला वेगळा. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलो चालत्या भारासाठी (माणसं, सामान) धरलेला असतो, आयएस ८७५ या भारतीय मानकात तसंच आहे. हे ७०० किलो डेब्रिज चार बाय चार फुटांत ढीग करून ठेवलं तर भार त्याच्या दुपटीहून जास्त होतो, आणि तेही हळूच ठेवलं तर. इथे तर वरून टाकतायत.

मग करायचं कसं? काम होण्यासारखं आहे, फक्त क्रम नीट लावायला हवा. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरने मूळ ड्रॉइंग पाहावं, ते मिळत नसेल तर मशीनने सळई शोधून फरशीवर आखून घ्यावी आणि चौकोन कुठे बसतो ते त्यांनी ठरवावं. कापल्यावर जो भार फिरणार तो घ्यायला कडेने लोखंडी चॅनेल किंवा नवा बीम लागतो, आणि तो कापायच्या आधी बसतो, नंतर नाही. खालून टेकू द्यावे लागतात. ४०२ मधले टेकू माझ्या छतावर उभे राहणार, म्हणजे त्यांच्या खाली माझ्या हॉलमध्येही टेकू हवेत. माझी त्याला हरकत नाही. सोफा मी हलवतो, फक्त दोन दिवस आधी सांगा. आखाजीला लेकी माहेरी येतात आणि हॉलमध्ये पंख्याखालीच झोपतात, तेवढे दिवस सोडून.

कापायला ब्रेकर नको, पाण्यावर चालणारा डायमंड कटर हवा. ब्रेकरच्या दणक्याने जे ठेवायचंय त्या काँक्रीटलाही बारीक भेगा जातात आणि कडेच्या सळईवरची पकड सैल होते. कटरचीही एक खोड आहे. पातं गोल असल्यामुळे कोपऱ्यात खालपर्यंत कापायला मिस्तरी रेषेच्या पुढे चार बोटं नेतो आणि जी सळई ठेवायची तीच कापतो. शिवाय कोपऱ्यातूनच तिरपी भेग सुटते. म्हणून चारही कोपऱ्यांना आधी कोअर कटिंगने गोल भोकं घ्यायची आणि पातं तिथे थांबवायचं. तुकडे दीड फूट बाय एक फुटाचे केले तर एक ४३ किलोचा होतो, दोघांना झेपतो. शेवटचा काप देण्याआधी तुकडा वरून बांधलेला हवा. डायमंड कटिंगला पैसे जास्त लागतात, हे मान्य. पण लग्नाच्या मांडवाचा खर्च पाहता ते फार नाहीत, असं आपलं माझं मत.

पाण्यावर कापलं की धूळ बसते. त्या सिलिकाच्या धुळीने मजुरांची फुप्फुसं जातात, आणि शनिवारी त्या पोरांच्या तोंडाला साधा रुमालही नव्हता. मात्र पाणी सोसायटीच्या टाकीतलं नको, आपल्याला ते रोज कुठे मिळतं? त्यांनी टँकर आणावा. सिमेंटचा राडा मोरीत सोडू नये, तो पाइपात दगडासारखा बसतो. डेब्रिज लिफ्टमधून नेऊ नये. सहा माणसांची लिफ्ट ४०८ किलोची असते म्हणून चालेल असं वाटतं, पण खडी दाराच्या खाचेत अडकली की आठवडाभर सगळे जिन्याने. ट्रॅक्टर कुठे रिकामा होणार, तेही विचारून ठेवा. २०१६ च्या केंद्राच्या नियमांनंतर रात्रीत नाल्यात ओतून येण्याचे दिवस गेले, निदान कागदावर तरी.

मी घाबरवतोय असं कोणाला वाटेल. मे २०२५ मध्ये कल्याण पूर्वेला चौथ्या मजल्यावर फरशीचं काम चालू असताना स्लॅब खाली आला आणि सहा जण गेले. घाटकोपरला जुलै २०१७ मध्ये अख्खी इमारत बसली, १७ जण गेले, आणि तेव्हा तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं. आपली इमारत सोळा वर्षांची आहे. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं, असं सोसायट्यांच्या आदर्श उपविधींतच (नियमावलीतच) आहे. ते आपण अजून केलेलं नाही. त्याच उपविधींप्रमाणे फ्लॅटमधल्या फेरबदलाला कमिटीची लेखी पूर्वपरवानगी लागते. स्लॅबला हात लावायचा तर महापालिकेचं काय ते इंजिनिअरकडून लेखी घ्यावं.

तेव्हा विनंती अशी की काम आजच थांबवावं आणि उघड्या चराखाली ४०२ मध्ये आजच टेकू लावून घ्यावेत. रविवारी सभा बोलवा. भाऊंनी इंजिनिअरला तिथे आणावं, ड्रॉइंग ३०२, ४०१ आणि ५०१ या तिघांना दाखवावं आणि नुकसानभरपाईचं डिपॉझिट ठेवावं. सही-शिक्क्याचं ड्रॉइंग आलं की कमिटीने त्याच दिवशी परवानगी द्यावी, उगाच पुढच्या सभेवर ढकलू नये. त्यांच्याही घरात लग्न आहे. माझ्या सांगण्यावरून मात्र काही करू नका, मी सुपरवायझर होतो, डिझाइन करणारा नव्हे. वाकवलेल्या सळयांचं काय करायचं हेही त्या इंजिनिअरलाच विचारा. मिस्तरी हातोड्याने त्या परत सरळ करायला बसला होता.

कळावे,
आपला,
फ्लॅट क्र. ३०२

प्रत : सेक्रेटरी, फ्लॅट क्र. ४०२/५०२, ४०१, ५०१
सोबत : शनिवारी काढलेले फोटो (चर, फुटलेला पाइप, आमच्या छताचं सुटलेलं प्लास्टर)