सोड्याचा उपाय छापताना बीपीचे पेशंट आठवावेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळी लागल्यावर, म्हणजे लघवीला आग होऊ लागल्यावर, घरच्या घरी काय करावं, याचं अर्धं पान आलं होतं. धण्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, वाळा, शहाळं, उसाचा रस. आणि आग लगेच थांबवायची असेल तर चमचाभर खायचा सोडा ग्लासभर पाण्यातून, दिवसातून दोनदा. राजारामपुरीत माझं औषधांचं दुकान आहे. सोमवारपासून त्या पानाचा फोटो मोबाईलवर दाखवत लोक सोडा मागायला येताहेत, म्हणून लिहिते.

घरगुती उपायांवर माझा राग नाही. आमच्याही घरी उन्हाळ्यात धणे भिजत घातलेले असतात. पण पान वाचताना असं वाटतं की सगळे उपाय सगळ्यांना सारखेच. तसं नाही.

आधी सोड्याचंच घेते. सपाट चमचाभर सोड्यात साधारण सव्वा ग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला सगळ्या जेवणाखाण्यातून मिळून दिवसाला 2 ग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्या म्हणते. म्हणजे दोन चमचे सोड्यातच मर्यादा ओलांडली. भाकरी, लोणचं, रस्सा अजून बाकीच आहे. तिशीतल्या धडधाकट बाईला एक दिवस कदाचित काही होणार नाही. पण मीठ सोडा म्हणून डॉक्टरांनी बजावलेले बीपीचे, हृदयाचे, किडनीचे पेशंटही आपला पेपर वाचतात, आणि सोडा म्हणजे त्यांच्या डोक्यात मीठ नसतं. अतिरेक झाला तर रक्तातला आम्लाचा तोल बिघडतो, पोटॅशियम उतरतं, अशक्तपणा येतो, हृदयाचे ठोके चुकतात. शिवाय सोड्यामुळे किंवा लघवीचं आम्ल कमी करणाऱ्या गुलाबी सिरपमुळे आग लावणारे लघवीतले जंतू मरतात, याला भरवशाचा पुरावा नाही. उलट या आजारावर डॉक्टर नेहमी देतात त्या नायट्रोफ्युरंटॉइन या अँटिबायोटिक गोळीचं काम लघवी आम्लधर्मी असताना चांगलं होतं. एकीकडे गोळी आणि दुसरीकडे सोडा घेतला, तर आपणच गोळीच्या पायात पाय घालतो.

शहाळ्याचंही तसंच. चांगल्या माणसाने खुशाल प्यावं. पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं. किडनी कमजोर असेल, किंवा बीपी-हृदयासाठी रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन अशी गोळी चालू असेल, तर अंगात पोटॅशियम आधीच साठत असतं. अशा माणसाने उन्हाळी लागली म्हणून दिवसाला तीन-तीन शहाळी रिचवणं धोक्याचं आहे. उसाच्या रसाबद्दल या जिल्ह्यात वाईट बोलायची सोय नाही, पण मधुमेह असलेल्यांना तो या आजारात औषध म्हणून सुचवणं मला पटत नाही.

मधुमेहावरून आणखी एक. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या स्वस्त झाल्यापासून पुष्कळांना चालू आहेत. त्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात. त्यामुळे त्या जागी बुरशीचा संसर्ग होऊन खाज आणि आग होऊ शकते, आणि पेशंटला वाटतं उन्हाळी लागली. त्यावर धण्याचं पाणी काय करणार? गोळी मनाने बंद करू नये, डॉक्टरांना सांगावं.

आता हे उपाय गुणकारी का वाटतात, ते. आपल्याकडे समजूत अशी की हे सगळं उष्णतेचं दुखणं. तांबडा रस्सा जास्त झाला, उन्हात फिरलं, झालं. तिखटाने सुजलेल्या मूत्राशयाची आग वाढू शकते, पण जंतू रश्श्यातून येत नाहीत. बहुतेक वेळा ते आपल्याच आतड्यातले ई-कोलाय असतात. बायकांची मूत्रनलिका जेमतेम 4 सेंटिमीटरची, म्हणून त्यांना हा त्रास पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. आणि निरोगी तरुण बाईला झालेला साधा संसर्ग पुष्कळदा आपोआपच ओसरतो. जर्मनीत 494 स्त्रियांवर झालेला एक अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना अँटिबायोटिक दिलं, निम्म्यांना नुसती वेदनाशामक आयब्युप्रोफेन. नुसत्या वेदनाशामकावर ठेवलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींना पुढे अँटिबायोटिक लागलंच नाही. त्या काळात त्या धण्याचं पाणी पीत असत्या, तर श्रेय धण्याला गेलं असतं! पण त्याच गटात त्रास जास्त झाला, आणि संसर्ग किडनीपर्यंत चढल्याचे 5 प्रसंग घडले. अँटिबायोटिकच्या गटात 1. आकडे लहान आहेत, पण माझी काळजी नेमकी तीच आहे. (हे वाचून कुणी आयब्युप्रोफेन घेऊ नये. किडनीच्या पेशंटला आणि गरोदर बाईला ती चालत नाही.)

पाण्याचं मात्र खरं आहे. ज्यांना वारंवार संसर्ग होतो आणि ज्या मुळात पाणी कमी पितात, अशा 140 स्त्रियांचा अभ्यास 2018 मध्ये आला. निम्म्या जणींनी वर्षभर रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं, तेव्हा त्यांना वर्षात सरासरी जेमतेम 1.7 वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना 3.2 वेळा. हा उपाय फुकटचा आहे. पण महाद्वार रोडवरच्या दुकानात दिवसभर उभ्या असणाऱ्या पोरींना विचारा, त्या पाणी का पीत नाहीत. जवळपास जाण्यासारखं स्वच्छतागृहच नसतं. ऊसतोडीला फडात येणाऱ्या बायकांची तर गोष्टच सोडा. त्यावर एखादं पान केलंत तर मी ते कात्रण दुकानात लावीन.

क्रॅनबेरीचा रस आणि गोळ्याही हल्ली लोक विचारतात. वारंवार होणारा त्रास काही स्त्रियांत त्याने कमी होतो, असं 2023 च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं. तो पुन्हा होऊ नये म्हणून, झालेला बरा करायला नव्हे. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल त्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. डी-मॅनोज या साखरेच्या महागड्या पुड्यांचा मात्र 2024 च्या इंग्लंडमधल्या चाचणीत काही उपयोग दिसला नाही.

तुमच्या पानात नसलेले दोन उपायही सांगते, कारण ते सर्रास चालतात. एक, तुरटीच्या किंवा डेटॉलच्या पाण्याने आतून धुणं. त्याने तिथले चांगले जंतू मरतात आणि आजाराला रान मोकळं होतं. दुसरा उपाय माझ्या काउंटरवरचाच. "ताई, उन्हाळी लागलीया, मागल्या येळची ती गोळी दोनच द्या की." सेफिक्झिमसारखी अँटिबायोटिक औषधं 2014 पासून शेड्यूल एच-1 या सरकारी यादीत आहेत, चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि रजिस्टरला नोंद करावी लागते. नाही म्हटलं की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, हेही मला माहीत आहे. दोन गोळ्यांनी आग थांबते, जंतू मात्र पुरते मरत नाहीत, आणि नंतर लघवीची कल्चर, म्हणजे जंतू ओळखायची तपासणी, केली तरी नीट कळत नाही. खरं तर साध्या संसर्गाचा औषधोपचार थोडक्या दिवसांचा असतो. एका औषधाची तर एकच पुडी. लोक धास्ती घेतात तेवढं ते लांबण लावणारं नाही.

मला सगळ्यात भीती वाटते ती उपाय करत बसलेल्या माणसाची. थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत कळ, उलट्या, लघवीत रक्त, यांपैकी काही असेल तर धणे भिजत घालायची ती वेळ नाही. मुतखडा आहे म्हणून कुळथाचं कढण आणि पानफुटीची पानं चालू असतात, आणि त्यातच हुडहुडी भरते. अडकलेल्या खड्यामागे लघवी तुंबून पू झाला, तर जीवावर बेततं. त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा. गरोदर बाईने तर आग नसतानाही सुरुवातीच्या महिन्यांत लघवी तपासून घ्यावी, कारण तिच्यात लक्षण नसलेला संसर्गही किडनीपर्यंत जाऊ शकतो आणि दिवस भरण्याआधी बाळंतपण होऊ शकतं. लहान मुलं आणि पुरुष यांचा त्रास साधा धरूच नये. खर्चाची अडचण असेल तर आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

तेव्हा विनंती एवढीच, की असं पान पुन्हा कराल तेव्हा प्रत्येक उपायाखाली तो कोणी करू नये, याची एक ओळ घाला आणि दवाखान्यात कधी जायचं याची चौकट त्याच पानावर ठळक छापा. आणि सोड्याबद्दलचा खुलासा पुढच्या रविवारची वाट न पाहता उद्याच्याच अंकात द्या. सोडा मागायला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना मी एकटी किती समजावणार?

आपली,
एक औषध विक्रेती
राजारामपुरी, कोल्हापूर