आईच्या टिकल्या न पुसणाऱ्या मेस्त्रींना

मेस्त्री, नमस्कार.

तुम्हाला मराठी बोलायला येतं तेवढं वाचायला येत नाही, हे तुम्हीच सांगितलंत. म्हणून तुमच्या दुकानाशेजारच्या चहावाल्याला हे वाचून दाखवायला सांगितलंय. तो मधेमधे पदरचं घालेल, तेवढं सोडून द्या.

आरसा टांगून तीन आठवडे झाले. पहिले चार दिवस मी रात्री उठून टॉर्च मारून बघत होतो. आता नाही बघत.

तुम्हाला त्या आरशाची गोष्ट मी सांगितलीच नाही, तुम्ही विचारलीही नाहीत. 1960 साली आई लग्न होऊन बेळगावच्या शहापुरात आली तेव्हा संकेश्वरहून मालट्रकात पेंढ्यात गुंडाळून तो आला. चार फूट बाय अडीच फूट, सागवानी चौकट, मागं जाड फळी. न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर आधी मी एकटा उभा राहिलो, मग आरसा उचलून. फरक आला तेवीस किलो. साठ वर्षं तो माजघरात दोन खुंट्यांवर टेकून होता, कुणाला त्याचं वजन कळलं नाही. आई गेली, त्यानंतरच्या मे महिन्यात आम्ही घर रंगवायला काढलं आणि तिथून घोळ सुरू झाला.

रंगाचा ठेका घेतलेल्यानं खुंट्या उपटल्या. म्हणे, जुनाट दिसतात. त्याच्या पोरानं एक काँक्रीटचा खिळा ठोकला, मागच्या दोन कड्यांना ताणून तार बांधली आणि आरसा अडकवला. आमच्या आजोबांचं घर जांभ्याचं. जांभा म्हणजे वाळलेला स्पंज, तुम्हीच म्हणालात. तो खिळा गिलाव्यातून जेमतेम इंचभर आत गेला होता. श्रावणात, पाऊस धो धो लागलेला असताना रात्री अडीचला जो आवाज झाला, तो अजून माझ्या कानात आहे. बाबांची कॉट तिथून तीन हातांवर. वय पंच्याऐंशी. खाली वाकळींची चळत होती म्हणून काच वाचली, चौकटीचा एक सांधा उखळला. बाबा अंथरुणात उठून बसले होते आणि म्हणाले, "हिचा आरसा पडला काय?"

ठेकेदाराला फोन केला. "सर, तुमची भिंतच फुसकी आहे, आम्ही काय करणार?" दुसऱ्या एका गृहस्थांनी दोन आठवडे 'वाटेत आहे' सांगितलं. एवढ्या वेळात माणूस बेळगावहून पंढरपूरला पायी पोचला असता. तिसऱ्यानं सिलिकॉननं चिकटवून टाकतो म्हणून सांगितलं. सिलिकॉन रंगाला धरेल हो, पण रंग भिंतीला किती धरून आहे ते आमच्याकडे दर पावसाळ्यात पोपडे सांगतातच. आणि फर्निचरच्या दुकानातला पोरगा तर सरळच बोलला, "काका, ह्यापेक्षा नवीन घ्या, एलईडीवाला येतो."

मग तुम्ही आलात. दिवस कुठला, तर एक नोव्हेंबर. मी नुकताच काळ्या दिनाच्या फेरीहून आलेलो, दंडावर काळी फीत तशीच. तुमच्या स्कूटरच्या आरशाला कानडी झेंड्याची लाल-पिवळी रिबन, म्हणजे तुम्ही चन्नम्मा सर्कलच्या राज्योत्सवाहून आलेले. 1956 साली ह्याच दिवशी बेळगाव महाराष्ट्राकडे न येता कानडी राज्यात गेलं, तेव्हापासून त्या दिवशी निम्मं गाव सण करतं आणि निम्मं सुतक पाळतं. आपण दोघं दारात समोरासमोर. तुम्ही फितीकडे बघितलंत, मी रिबनीकडे बघितलं. मग तुम्ही चप्पल काढलीत आणि म्हणालात, "आरसा कुठं हाय री?"

भिंतीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठकठक करत तुम्ही अर्धा तास फिरलात. डॉक्टर पाठीवर बोटं वाजवतो तसं. कुठं पोकळ, कुठं भरीव, खडूनं खुणा. ड्रिलचा हातोडा बंद ठेवून भोकं पाडलीत, कारण ठोक्यानं जांभा आतून भुगा होतो. पुढचं सगळं सांगत बसत नाही, मला तरी कुठं सगळं कळलंय. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण त्यात माझी शोभा झाली.

ती तार तुम्ही उचलून बाजूला फेकलीत, "बेडा" म्हणालात, म्हणजे नको. मी म्हटलं, चांगली जाड आहे की. तुम्ही पाण्यानं भरलेली बादली आणलीत, तिच्या कडीतून दोरी ओवलीत, एक टोक माझ्या हातात, एक तुमच्या. जवळ उभे होतो तेव्हा बादली सहज उचलली गेली. मग तुम्ही एकेक पाऊल मागं सरकत गेलात. दोरी आडवी होत गेली आणि माझे दंड थरथरायला लागले. बादली तीच, पाणी तेवढंच!

मेस्त्री, मी तेहतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. दोन दोऱ्यांमधला कोन 120 अंश झाला की प्रत्येक दोरीत पूर्ण वजनाइतका ताण येतो, 150 झाला की जवळजवळ दुप्पट, हे मी किती पोरांकडून घोटून घेतलं असेल. आणि माझ्याच घरात, माझ्याच बापाच्या उशाशी तेवीस किलोचा आरसा तसल्याच सपाट तारेवर तीन महिने लटकत होता. फळ्यावर कळलेलं मला भिंतीवर दिसलं नाही. तुम्ही हसला नाहीत, बादली मोरीत ओतलीत.

तारेऐवजी तुम्ही सागवानाची एक पट्टी तिरकी चिरून तिचे दोन भाग केलेत. एक भिंतीला, चार लांब स्क्रूंवर. दुसरी आरशाच्या पाठीला. एकीच्या खाचेत दुसरी बसली, की आरशाचं वजनच तिला घट्ट करतं. खालच्या कडेला पाठीमागं लाकडाचे दोन ठोकळे दिलेत, भिंत आणि आरसा यांत वारा खेळावा म्हणून. ओल धरली तर 'पारा' उडतो. पारा कसला, चांदीचा थर असतो तो, पण आपण पाराच म्हणणार. आरसा चढवण्याआधी त्या रिकाम्या पट्टीला धरून तुम्ही स्वतः लोंबकळलात. पाय मुडपून, डोळे मिटून. बाबा कॉटवरून बघत होते. त्या दिवसात ते पहिल्यांदा हसले.

पण हे सगळं हुशारीचं झालं. पत्र मी त्यासाठी लिहीत नाही.

आरशाच्या उजव्या कडेला आईच्या टिकल्या आहेत. रात्री झोपताना कपाळावरची काढून तिथं लावायची, सकाळी कधी तीच, कधी नवी. शेवटच्या आजारपणात काढायला कुणाच्या लक्षात आलं नाही. अकरा होत्या. रंगवाल्याच्या पोरानं पत्रीनं पाच खरवडून काढल्या. मी पोचेपर्यंत "साफ करून दिलं काका" म्हणून तो वर शाबासकीच्या अपेक्षेनं बघत होता. त्याची चूक म्हणता येत नाही. घाण दिसली, काढली.

तीन महिने भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या त्या आरशावर धूळ नि बुरा इंचभर. तुम्ही तो पुसायला घेतलात तेव्हा मी चहा ठेवायला आत होतो. अचानक आठवलं आणि गॅस तसाच टाकून बाहेर धावलो. काच लख्ख झालेली. आणि उजव्या कडेशी तुम्ही उकिडवे बसून, काडेपेटीच्या काडीला फडक्याची चिंधी गुंडाळून, एकेका टिकलीच्या भोवतीनं पुसत होता. मरून रंगाच्या पाच, आणि खड्याची एक, नातीच्या लग्नातली. काडी फिरवायची, चिंधी बदलायची, पुढची टिकली. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मला बघून कानडीत एवढंच विचारलंत, "अव्वा?" आई?

दंडाला काळी फीत असलेला मी आपसूक कानडीतच "हौद्री", होय, म्हणालो.

हाताला येणारी कला शिकवता येते हो. समोरच्या घरात काय घाण आहे आणि काय नाही, हे कुठल्या आयटीआयमध्ये शिकवतात? आमच्याकडे चांगला कामगार म्हणजे सांगितल्या वेळेला येणारा, इतकी खाली आली होती आमची मागणी.

सहाशे रुपये तुम्ही मोजून घेतलेत, वरचे शंभर परत केलेत आणि चहात साखर कमी आहे म्हणून सांगितलंत. बरं वाटलं.

बाबा आता त्याच आरशासमोर स्टुलावर बसून दाढी करतात. गेल्या मंगळवारी खड्याची टिकली आपोआप गळून पडली. मी उचलायच्या आत त्यांनी ती उचलली, जिभेला लावून पुन्हा होती तिथंच चिकटवली. टिकेल असं वाटत नाही.

चहावाल्याकडे पत्रासोबत कुंद्याचा, आपल्या बेळगावी मिठाईचा, डबा दिलाय. अर्धा किलो आहे, त्यानं वाटेत उघडला असेल तर मला कळवा. डबा परत आणायच्या निमित्तानं या एकदा, माजघरातलं दारही पावसापासून खाली घासतंय.