आधी ‘इको’ लावायला शिकवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आमच्या वाचनालयातल्या जुन्या दिवाळी अंकांची पानं स्कॅन करून झाली, तेव्हा खरं काम पुढेच होतं. शेकडो फायली एकाच फोल्डरात, नावांना ना शेंडा ना बुडखा. तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवून शेजारी बसलात, त्याबद्दल हे जाहीर आभार.

नावं बदलणारी तयार स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांची फाइल, तुम्ही सहज देऊ शकला असतात. तुम्ही की-बोर्ड माझ्याकडे सरकवलात. प्रत्येक फाइलवर तेच काम पुन्हा करणारा ‘फॉर’ लूप लिहायला लावलंत आणि आतल्या ‘एमव्ही’च्या, म्हणजे फाइलचं नाव बदलणाऱ्या आज्ञेच्या, आधी ‘इको’ लावायला सांगितलंत. म्हणजे नाव बदलायचं नाही, काय बदलणार तेवढं पडद्यावर दाखवायचं. सगळी यादी डोळ्यांखालून गेली की मगच ‘इको’ काढायचा. नव्या नावाची फाइल तिथे आधीच असेल तर ‘एमव्ही’ बहुतेक वेळा न विचारता तिच्यावरच लिहून मोकळी होते, म्हणून सोबत ‘वजा एन’, म्हणजे असलेल्या फाइलवर लिहू नकोस असं सांगणारी खूण. ही सवय तुम्ही पहिल्याच दिवशी लावलीत, याचं मोल मला फार वाटतं. मूळ अंकांचे कागद हात लावला की तुटतात. ती पानं पुन्हा स्कॅन होणं अवघड आहे.

मग नावांतल्या मोकळ्या जागा. ‘दिवाळी १९७२ पान ७’ हे आपल्याला एक नाव दिसतं, पण ते नाव धरणाऱ्या व्हेरिएबलभोवती दुहेरी अवतरण चिन्हं नसतील तर शेल, म्हणजे आपल्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम, त्याचे चार तुकडे करतो. तुम्ही ती चिन्हं काढून, चालवून, त्रुटीचा संदेश मलाच वाचायला लावलात. तेव्हापासून ती विसरणं नाही. पान १० हे पान २ च्या आधी का येतं, तेही तसंच उलगडलंत: क्रम अक्षरांप्रमाणे लागतो, म्हणून ‘प्रिंटएफ’ या आकडे ठरावीक साच्यात छापणाऱ्या आज्ञेनं ००२, ०१० असे तीन आकडे करून घ्यायचे.

‘फॉर, डू, डन’ ही रचना १९७९ च्या बोर्न शेलमधली, आणि ब्रायन फॉक्स यांनी १९८९ मध्ये आणलेल्या बॅश या शेलमध्येही ती तशीच आहे, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला मोठा धीर आला. आज शिकलेलं उद्या जुनं होणार नाही, एवढी खात्री माझ्यासारख्या ग्रंथालयातल्या माणसाला पुरते.

आता वर्षवार फोल्डर करून त्यात अंक हलवणारी स्क्रिप्ट लिहितो आहे. ‘इको’ अजून काढलेला नाही. यादी पाठवतो, सवडीनं एकदा नजर टाका.

आपला,
वाचनालयातला विद्यार्थी