सेकंडहँड साइड-बाय-साइड गाडीच्या केबिनमध्ये बसवत नाही इतकी गरमी आणि आवाज, याबाबत तक्रार

प्रति,
सर्व्हिस मॅनेजर साहेब,

नमस्कार. मी दापोली तालुक्यातला आंबा बागायतदार. जानेवारीत तुमच्या पुण्याच्या शोरूममधून दोन सीटची वापरलेली साइड-बाय-साइड (कच्च्या वाटेवर चालणारी छोटी, उघडी चारचाकी) घेतली, गाडीचे ६ लाख २५ हजार आणि वर केबिन किटचे ८५ हजार, दोन्ही बिलं सोबत जोडलीयेत. फोनवर चार वेळा बोलून झालं, व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवून झाले, प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळतं की "या गाड्या अशाच असतात, इंजिन मागेच असतं ना". म्हणून आता सगळं नीट लिहून पाठवतोय, कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

आधी हे सांगतो की ही गाडी मी मजेसाठी घेतलेली नाही. आमची बाग उतारावर आहे, वर कातळ, खाली पऱ्या म्हणजे ओढा, मधे जांभ्याची वाट, तिथे टेम्पो वळत नाही आणि ट्रॅक्टरची ट्रॉली घसरते. पूर्वी क्रेट डोकीवरून वर आणावे लागायचे. बाबांचं वय ७१, गुडघे गेलेत, पण रोज बागेत फेरी मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, तर त्यांचंही होईल आणि मालही येईल म्हणून ही गाडी घेतली. आणि आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, म्हणून केबिन हवीच होती. तेव्हा मी तुमच्या सेल्सच्या माणसाला स्पष्ट विचारलं होतं की मागची बाजू बंद करायची का, तर तो म्हणाला "नको, मागून मोकळं राहू द्या, हवा खेळती राहील." पुढे पूर्ण काच, वर प्लास्टिकचं छप्पर, दोन दरवाजे, आणि मागे काहीच नाही. माझ्या तक्रारीचं मूळ इथेच आहे.

जानेवारी-फेब्रुवारीत थंडी होती, गाडीही कमी चालली, त्यामुळे काही जाणवलं नाही. मार्च अखेर काढणी सुरू झाली आणि हाल सुरू झाले. कमरेमागून आणि दोन सीटच्या मधल्या भागातून अशी आग यायची की पंधरा मिनिटांत शर्ट पिळून काढावा. आवाज इतका की शेजारी बसलेल्याला ओरडून सांगावं लागायचं, आणि घरी आल्यावर तासभर कानात सूं असा आवाज राहायचा. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बाबा चाळीस मिनिटं बसले असतील, उतरताना त्यांना चक्कर आली, गडग्याला धरून खाली बसले. डॉक्टरांनी सलाईन लावलं, म्हणाले उष्णतेने झालंय, पण गाडीत धुराचा वास येतो का असंही विचारलं. वास येत होता साहेब. ते ऐकल्यावर मी त्या दिवसापासून बाबांना गाडीत बसू दिलेलं नाही.

एप्रिलच्या सुरुवातीलाच पहिली तक्रार केली होती, तेव्हा तुमचा मेकॅनिक आला, त्याने सीटखाली आणि सीटच्या मागे काळी डांबरी शीट चिकटवली, ६ हजार ५०० घेतले आणि गेला. चार दिवसांत ती शीट मऊ पडली, डांबराचा वास सुटला, माझी पँट काळी झाली. नंतर मी एका गाड्यांचं इन्सुलेशन करणाऱ्याला विचारलं तेव्हा कळलं की ही शीट पत्र्याची थरथर कमी करण्यासाठी असते, ती उष्णता अडवत नाही, आणि सायलेन्सरच्या इतक्या जवळ तर लावायचीच नसते. उष्णतेसाठी अॅल्युमिनियमचा वरचा थर असलेली फायबरची मॅट लागते, आणि तीही सायलेन्सरला न चिकटवता मधे थोडी हवा सोडून. हे तुमच्या माणसाला माहीत नसेल तर त्याला आगीच्या इतक्या जवळचं काम का देता?

मग मी आणि माझा चुलतभाऊ, तो एसी-फ्रिजची कामं करतो, आम्ही दोन दिवस बसून गाडी स्वतःच उघडली. त्याच्याकडे तापमान मोजायची गन आहे. बाहेर ३४ अंश होतं, अर्धा तास बाग फिरून आल्यावर सीटमागचं प्लास्टिक ६१ आणि दोन सीटच्या मधला उंचवटा, ज्याला बोगदा म्हणतात, तो ५४. रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे, म्हणजे उकळत्या पाण्याचे पाइप त्या बोगद्याखालूनच जाणार, हे मला मान्य आहे, तेवढी गरमी या गाडीत राहणारच. पण बाकीचं काय सापडलं ते बघा. सीट काढली तर खालचं जे प्लास्टिकचं झाकण असतं त्याच्या आठपैकी तीन क्लिपा नाहीत, कडेची फोमची पट्टी झिजून गेलेली, फटीतून सरळ इंजिन दिसतं. सायलेन्सरच्या पाइपवर हीट शील्ड, म्हणजे उष्णता अडवणारा पत्राच नाही, बोल्टची भोकं रिकामी आहेत आणि ती आतून गंजलेली आहेत, म्हणजे माझ्याकडे येण्याच्या खूप आधीपासून ते गेलेलं आहे. इंजिनची ताकद चाकांकडे नेणारा बेल्ट गार करून गरम हवा बाहेर सोडणारा जो होज असतो त्याचा क्लॅम्प सुटलेला, ती सगळी हवा थेट ड्रायव्हरच्या पाठीवर. आणि सायलेन्सरच्या जॉइंटची एक स्प्रिंग तुटलेली, गॅस्केट जळलेलं, त्यातून टकटक आवाज आणि धूर दोन्ही. रेडिएटरमध्ये लाल माती दगडासारखी बसली होती ती आम्ही मागच्या बाजूने कमी प्रेशरने पाणी मारून काढली. त्यातली थोडी आमच्या बागेची असेल पण एवढा थर तीन महिन्यांत बसत नाही.

आता ती "खेळती हवा". चुलतभावाने सीटवर बसून अगरबत्ती पेटवली आणि मी सपाटीवर वीसच्या स्पीडने गाडी चालवली. मला वाटलं होतं धूर मागे जाईल, तर तो सीटच्या पाठीकडून पुढे काचेकडे यायला लागला! तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच, व्हिडिओ पाठवलाय. पुढे पूर्ण काच असली की तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि गाडीच्या मागची हवा उलटी आत ओढली जाते. मागे काय आहे तर इंजिन, सायलेन्सर आणि धूळ. म्हणजे तुम्ही पुढून बंद आणि मागून उघडी केबिन बसवून इंजिनची गरमी आणि त्या फुटक्या जॉइंटचा धूर आमच्या नाकात आणून सोडलात. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो. बाबांना त्या दिवशी नक्की कशाने चक्कर आली हे आता कोण सांगणार, पण मला हा विचार आला की अजूनही रात्री झोप लागत नाही.

आवाजाचंही मोजलं. मोबाइलचं अॅप अगदी अचूक नसतं हे मला कळतं, पण तोच मोबाइल, तीच वाट, तोच तीसचा स्पीड ठेवला म्हणजे फरक तरी खरा कळतो. काच, छप्पर, दरवाजे सगळं काढून ८८ डेसिबल, तुमची केबिन लावून ९७. केबिनने आवाज कमी व्हायला पाहिजे की वाढायला? छप्पर रोल केजवर, म्हणजे गाडीच्या वरच्या लोखंडी सांगाड्यावर, तुम्ही रबर न घालता तसंच आवळलंय, ते ढोलासारखं वाजतं. आम्ही सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून मधे घातल्या, तेवढ्यानेच ९४ वर आलं. मग तात्पुरती मागे ताडपत्री बांधून पाहिली, ९१ झालं, आणि वासही जवळजवळ गेला. ताडपत्री इंजिनजवळ ठेवणं धोक्याचं म्हणून लगेच काढली. कामाच्या जागी ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, त्या हिशोबाने ९७ ला अर्धा तास. आमच्याकडे काढणीच्या दिवसात गाडी सहा-सहा तास चालते आणि ती चालवणारा आमचा गडी २४ वर्षांचा पोरगा आहे, त्याचे कान उभं आयुष्य टिकायला हवेत.

आणखी एक नुकसान झालं ते पण लिहून ठेवतो. इंजिन मागच्या माल ठेवायच्या हौद्याखाली, शील्ड नाही, त्यामुळे हौद्याचा पत्रा तापायचा आणि खालच्या थरातले क्रेट गरम होऊन वर यायचे. काढलेला हापूस सावलीत आणि गार ठेवायचा हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असतं. शेवटी खाली भाताचा पेंढा घालून त्यावर क्रेट ठेवले. पण त्याआधीच्या मालाचं जे झालं त्याचा हिशोब मी तुमच्याकडे मागत नाही, कारण तो मला नेमका सिद्ध करता येणार नाही.

मागतोय ते एवढंच. मेकॅनिक इथे बागेत पाठवा, गाडी पुण्याला बोलवू नका, ती रोडवर चालवता येत नाही आणि टेम्पोने नेऊन आणायचे १८ हजार होतात. सायलेन्सरचं गॅस्केट आणि स्प्रिंग आधी, बाकीचं नंतर, कारण जॉइंट बंद झाल्याशिवाय आम्ही ती गाडी चालवणार नाही. मग हीट शील्ड, होजचा क्लॅम्प, सीटखालचं झाकण क्लिपा आणि फोमसकट, आणि योग्य मॅट. केबिनला मागची काच लावा आणि पुढच्या काचेला उघडझाप करता येईल असे झरोके द्या, नाहीतर ८५ हजार परत देऊन किट घेऊन जा. डांबरी शीटचे ६ हजार ५०० परत हवेत. जुनी गाडी आहे, सीट फाटलेली होती, रंग उडालेला होता, त्याबद्दल मी एक शब्द बोललेलो नाही, ते मला दिसत होतं आणि मी बघूनच घेतलं. पण सीटखाली काय गेलंय ते तुम्हाला दिसत होतं, मला नाही, आणि तुम्ही "पूर्ण चेक केलेली गाडी" असं बिलावर लिहून दिलंय.

पंधरा दिवस वाट बघतो. त्यात काही झालं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन, ही गाडी माझ्या स्वतःच्या पोटापाण्यासाठी आहे, भाड्याने फिरवण्यासाठी नाही, म्हणजे मी ग्राहकच आहे, हे आत्ताच लिहून ठेवतो. पण मला खरंच तिथे जायचं नाहीये. गाडी चढाला चांगली ओढते, बाबांनाही ती आवडते, मला फक्त ती बसण्यासारखी करून हवी आहे.

पाऊस सुरू झालाय, कलमांना शेणखत घालायचं काम तोंडावर आहे आणि सध्या पाट्या पुन्हा डोक्यावरूनच जातायत. मेकॅनिक कधी येणार ते आदल्या दिवशी कळवा. फोन संध्याकाळी सातनंतर करा, दिवसा मी खाली पऱ्याकडे असतो, तिथे रेंज नसते.

आपला,
एक आंबा बागायतदार, दापोली

सोबत: दोन्ही बिलं, शीट लावल्याची पावती, तापमानाचे आणि आवाजाचे फोटो, अगरबत्तीचा व्हिडिओ