गणवेश ठरवताना काज-बटणही बघा

महोदय,

शाळेचे गणवेशाचे पत्रक बहुधा चार ओळींचे असते. पांढरा शर्ट, निळी पँट किंवा स्कर्ट, काळे बूट, टाय. मुले रांगेत कशी दिसतील एवढाच विचार त्यामागे दिसतो. प्राथमिक वर्गांसाठी मात्र पहिला प्रश्न वेगळा हवा. सहा वर्षांचे मूल घाईची लागली म्हणून एकटेच स्वच्छतागृहात गेले, तर त्याला ही पँट आपल्या हाताने उघडता येईल का? आणि परत लावता येईल का? लोखंडी हूक, घट्ट झिप आणि वर बक्कलाचा पट्टा अशी तीन कुलपे एका कमरेला घातली, की मूल पाणी प्यायचेच टाळते, नाहीतर पँट ओली करते. मग ‘अजून सवय नाही’ असा शेरा मिळतो. सवय असते, बोटांत तेवढा जोर नसतो.

पहिली-दुसरीपर्यंत पट्टा नकोच. कमरेच्या मागच्या अर्ध्या भागात इंचभर रुंदीचे इलॅस्टिक आणि पुढे सपाट पट्टी ठेवली, तर समोरून ती पँट इतरांसारखीच दिसते. इलॅस्टिक पूर्ण कमरेभर असेल, तर लांबी कमरेच्या मापापेक्षा दोन इंच कमी घ्यावी. त्याहून आखूड झाले की पोटावर वळ उठतात. बाजारात थोड्याथोड्या अंतरावर काजे असलेले इलॅस्टिकही मिळते. ते नेफ्यातून ओवून दोन्ही टोकांशी आतून एकेक बटण लावले, की कंबर हवी तशी सैल-घट्ट करता येते. इलॅस्टिक मरते ते कडक इस्त्रीने आणि ब्लीचने, मुलांनी ओढल्याने त्या मानाने कमी.

शर्टाचे नेहमीचे बटण साधारण ११ मिलिमीटरचे असते. लहान बोटांना १५ मिलिमीटरचे सोपे जाते. काजाची लांबी म्हणजे बटणाचा व्यास अधिक जाडी, म्हणून ३ मिलिमीटर जाडीच्या अशा बटणाला १८ मिलिमीटरचे काज लागते. जुन्या काजात मोठे बटण कोंबू नये. आणखी एक गोष्ट घाईत राहून जाते. बटण कापडाला चिकटवून शिवले तर मुलाला ते चिमटीत धरताच येत नाही. बटणावर आगकाडी आडवी ठेवून तिच्यावरून टाके घालावेत, मग काडी काढून बटण वर ओढावे आणि कापड व बटणाच्या मध्ये दोऱ्याचे दोन-तीन वेढे द्यावेत. बटणाला देठ येतो. गळ्याशी असलेले सर्वात वरचे बटण मुलाला दिसतच नाही, ते लावायची सक्ती कशासाठी?

टायबद्दलही थोडे. युरोपीय मानक ईएन १४६८२ सात वर्षांखालील मुलांच्या कपड्यांत टोपीला आणि गळ्याशी नाडी-दोरी ठेवू देत नाही. कारण ती घसरगुंडीच्या फटीत किंवा वाहनाच्या दारात अडकते. ते मानक टायसाठी नाही, पण अडकण्याचा धोका तोच आहे. टाय हवाच असेल तर मागे वेल्क्रो असलेला, झटका बसताच सुटणारा घ्यावा. ओळखपत्राच्या गळ्यातल्या फितीलाही तशीच सुटणारी कळ असावी, किंवा ओळखपत्र खिशाला चिमट्याने लावावे.

पत्रकात रंग असतो, कापड नसते. खरी गोम तिथेच आहे. सूत हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के धरते, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून अंगालगतचा शर्ट सुती किंवा सूत जास्त असलेला हवा. पँट-स्कर्टला मात्र ६५ टक्के पॉलिस्टर आणि ३५ टक्के सूत चालते, कारण गुडघे आणि बूड घासून सुती कापड लवकर विरते. शर्टाचे कापड चौरस मीटरला १२० ग्रॅमच्या आसपास असावे. पांढरे त्याहून पातळ घेतले की आरपार दिसते. पँटला २०० ते २२० ग्रॅम पुरे. नुसते ‘निळा’ लिहून भागत नाही, कारण रंगाच्या दोन घाण्यांतही छटा जुळत नाही. ‘गडद निळा, कोणतीही छटा’ असे लिहिले की एकाच दुकानाची सक्ती आपोआप सुटते.

चुणीदार स्कर्टचा हिशेब कोणी करत नाही. पूर्ण चुण्यांना कमरेच्या तिप्पट कापड लागते. पॉलिस्टरमध्ये उष्णतेने बसवलेली चुणी टिकते, सुती चुणी प्रत्येक धुण्याला मोडते. सुती चुणीदार स्कर्ट ठरवणे म्हणजे दुसऱ्यांच्या घरी इस्त्रीचे काम लावून देणे. शिवाय स्कर्टात मुली झाडावर चढायला, मांडी घालून बसायला कचरतात. पँटची मुभा सगळ्यांना आहे, हे पत्रकात स्पष्ट लिहावे. तोंडी मुभा कोणी घेत नाही.

मुले या वयात वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतात आणि त्यातली निम्म्याहून अधिक वाढ पायांत होते. पँटच्या दुमडीत दोन इंच जादा ठेवले तर साधारण दीड वर्ष निघते. ही दुमड लांब टाक्याने, चार मिलिमीटरच्या, घालावी, म्हणजे उसवताना कापड ओरबाडत नाही. जुन्या घडीची विटकी रेघ दिसते ही तक्रार खरी आहे. घडीचा काठ घासला जातो, तिथे रंग आधी उडतो. जादा कापड आतल्या आत टीप मारून लपवले तर काठ खालीच राहतो आणि रेघ कमी दिसते. बाजूच्या शिवणीत इंचभर माया, म्हणजे आत दडवलेले जादा कापड, ठेवावी. खांदा मात्र वाढवता येत नाही. म्हणून दोन मापे मोठा शर्ट घेणे फसते. खांदा दंडावर उतरतो, बाही पंजावर येते आणि लिहिताना वहीवर घासते. माप वयावरून घेऊ नये, उंची आणि छातीवरून घ्यावे. छातीला आठ-दहा सेंटिमीटर सैलपणा पुरतो.

न धुतलेले सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटते. पाऊण मीटरला चार टक्के म्हणजे तीन सेंटिमीटर गेले. कापण्याआधी रात्रभर भिजवून, न पिळता वाळवावे.

बुटांत सर्वात लांब बोटापुढे १० ते १२ मिलिमीटर जागा हवी. वरून दाबून बघण्यात अर्थ नाही, मूल बोटे आखडून घेते. आतला तळवा बाहेर काढून त्यावर मुलाला उभे करावे आणि मोठ्या पावलाचे माप धरावे. लेसची गाठ बरीच मुले सहा-सात वर्षांची झाल्यावर शिकतात. तोवर वेल्क्रो.

कापड नक्की करण्याआधी शाळेने एक जोड शिवून घ्यावा, दहा वेळा धुवावा आणि सर्वात लहान वर्गातल्या दोन-तीन मुलांना तो आपल्या हाताने घालून-काढून बघायला सांगावे. मूल जिथे थबकून मोठ्यांकडे बघते, तिथे खडूने खूण करून जोड शिंप्याकडे परत पाठवावा.

मुलांचे कपडे शिवणारी एक वाचक